वैद्य, कवी आणि नैयायिक

तोरण्याच्या आसमंतात, वेल्ह्याहून केळदच्या बाजूस जाणाऱ्या वाटेवर, पासली हे गाव लागते. हा सारा मुलूख पूर्वी भोरच्या पंत सचिवांच्या संस्थानात, प्रचंडगड तालुक्यात मोडत असे; आणि प्रचंडगड म्हणजे तोरणाच असल्यामुळे या भागाची जी ओळख इतिहासात उरली ती किल्ल्यांची, घाटांची आणि शिबंदीची उरली, विद्येची उरली नाही. शास्त्री-पंडितांच्या चरित्रांत पासलीचे नाव शोधू जाणाऱ्याच्या हाती फारसे काही लागणार नाही. त्याबद्दल गावाने खंत करावी असेही नाही. कारण जेथे हे पठार संपते आणि मढेघाट, उपांड्या, गोप्या अशा वाटा कोकणात उतरू लागतात, तेथून खाली सह्याद्रीच्या कुशीत शिवथरची घळ आहे, आणि दासबोधाची रचना याच घळीत झाली अशी समर्थ संप्रदायाची परंपरा सांगते. मध्यंतरी विस्मृतीत गेलेले हे स्थान धुळ्याच्या शंकर श्रीकृष्ण देवांनी १९३० साली पुन्हा लोकांपुढे आणले.

दासबोध हा परमार्थाचा ग्रंथ खरा. पण वीस दशकांचा आणि दोनशे समासांचा हा पसारा निव्वळ परमार्थाने भरलेला नाही. तिसऱ्या दशकाच्या सहाव्या समासात आध्यात्मिक तापाचे निमित्त करून देहाच्या व्याधींची जी लांबलचक जंत्री समर्थांनी दिली आहे, ती वाचताना एखाद्या वैद्याच्या ओसरीवर बसून रोग्यांच्या तक्रारी ऐकल्यासारखे वाटते. चौदाव्या दशकात कवित्वाचे ढीट, पाठ आणि प्रासादिक असे भेद करून त्यांनी काव्याची पारख कशी करावी ते सांगितले आहे. आणि ग्रंथभर श्रोता आशंका घेतो, वक्ता त्याचा पक्ष आधी नीट मांडून मग त्याचे निरसन करतो, ही पद्धत तर शास्त्रार्थाचीच आहे. समर्थ वैद्य नव्हते, आणि नैयायिकांच्या घटपटाच्या खटपटीविषयी त्यांना फारसे प्रेम असावे असेही वाटत नाही. तरीसुद्धा शरीर, वाणी आणि युक्तिवाद या तिन्ही ठिकाणी ज्याचे पाऊल पडत नाही त्याने ग्रंथ लिहू नये, अशी जी एक अपेक्षा त्या काळच्या महाराष्ट्रात लिहिणाऱ्याकडून केली जात होती, तिला ते अपवाद नव्हते. ही अपेक्षा कोठून आली, किती शतके टिकली, आणि अखेर कोणत्या कारणाने मोडली, हे पाहू जाता असे दिसते, की वैद्यक, साहित्य आणि न्याय यांची फारकत त्या शास्त्रांच्या स्वभावामुळे झालेली नाही. ती बऱ्याच अंशी खजिन्याच्या जमाखर्चातील बाबींमुळे झालेली आहे.

या अपेक्षेचे सर्वांत ठळक उदाहरण देवगिरीच्या यादवांच्या काळातले आहे. वऱ्हाडात वरदा नदीच्या तीरी राहणाऱ्या केशव नावाच्या वैद्याचा पुत्र बोपदेव हा मुग्धबोध व्याकरणाचा कर्ता म्हणून साऱ्या हिंदुस्थानात, आणि विशेषेकरून बंगालात, प्रसिद्ध आहे. परंतु त्याच्या ग्रंथसंपत्तीचा जो हिशेब एका श्लोकात नोंदलेला आहे त्यात व्याकरणावरचे दहा ग्रंथ, वैद्यकावरचे नऊ, तिथिनिर्णयावरचा एक, साहित्यावरचे तीन आणि भागवताच्या तत्त्वावरचे तीन, अशी विगत आहे. आजच्या एखाद्या महाविद्यालयात बोपदेव अर्ज घेऊन गेला असता तर त्याला कोणत्या विभागात बसवावे हा प्रश्न प्राचार्यांना पडला असता. वैद्यकाचा वारसा त्याच्याकडे घरातूनच आला होता: बापाच्या सिद्धमंत्र या ग्रंथावर मुलाने प्रकाश नावाची टीका लिहिली, आणि शतश्लोकी हा औषधकल्पांचा आटोपशीर ग्रंथ स्वतंत्रपणे रचला. मुक्ताफल आणि हरिलीला हे त्याचे भागवतविषयक ग्रंथ मात्र हेमाद्रीच्या सांगण्यावरून झाले.

हा हेमाद्री कोण, हे मराठी वाचकास सांगावयास नको. त्याच्या नावावर बांधकामाची एक शैली, मोडी लिपी आणि बाजरीसुद्धा लोकांनी चढवून ठेवली आहे. यादव राजा महादेव आणि त्यामागून रामचंद्र यांच्या पदरी तो श्रीकरणाधिप होता, म्हणजे पुढच्या काळातील भाषेत बोलावयाचे तर सारे दफ्तर ज्याच्या हाताखाली असा अधिकारी होता. व्रत, दान, तीर्थ आणि मोक्ष यांचा प्रचंड संग्रह असलेला चतुर्वर्गचिंतामणी त्याने सिद्ध केला हे सर्वश्रुत आहे. त्याच हाताने वाग्भटाच्या अष्टांगहृदयावर आयुर्वेदरसायन नावाची टीका लिहिली, हे तितकेसे सर्वश्रुत नाही. राज्याच्या वसुलाचे कागद पाहणारा माणूस फावल्या वेळात ज्वर आणि अतिसार यांच्या चिकित्सेविषयी पाठभेदांची चर्चा करतो, यात त्याच्या समकालीनांना काहीच चमत्कारिक वाटलेले दिसत नाही. आपल्याला ते चमत्कारिक वाटते, आणि त्याचा दोष हेमाद्रीकडे जात नाही.

या शास्त्रांना बांधून ठेवणारी दोरी कोणती, हे समजण्यासाठी चरकसंहितेचे विमानस्थान उघडावे. त्यातील आठव्या अध्यायात वैद्याने वैद्याशी वाद कसा करावा याचे विवेचन आहे: मैत्रीने होणारी संभाषा वेगळी, जिंकण्याच्या ईर्ष्येने होणारी वेगळी; प्रतिपक्षाची योग्यता आधी पारखावी, सभा कोणत्या प्रकारची आहे ते पाहावे, आणि मगच तोंड उघडावे. त्यानंतर वादमार्गाची चव्वेचाळीस पदे येतात, आणि त्यांत प्रतिज्ञा, हेतू, दृष्टांत, उपनय, निगमन, जल्प, वितंडा ही सारी मंडळी, जी पुढे न्यायसूत्रांत आणि त्यावरील भाष्यांत घर करून बसली, वैद्याच्या पेटीतील शस्त्रांसारखी नीट मांडलेली आढळतात. न्यायशास्त्राचा उगमच वैद्यांच्या अशा सभांत झाला असावा, असे मत सुरेंद्रनाथ दासगुप्तांनी मांडले. ते सर्वांना मान्य झाले नाही, आणि त्याचा निर्णय करण्याचे येथे प्रयोजनही नाही. वैद्याला अनुमानाची गरज का पडते हे मात्र उघड आहे. ज्वर दिसतो, त्याचे कारण दिसत नाही. धूर दिसला की अग्नी ओळखावा लागतो. म्हणून चरकाने आप्तोपदेश, प्रत्यक्ष आणि अनुमान यांच्या जोडीला युक्ती हे चौथे प्रमाण मानले, ज्यात अनेक कारणांचा एकत्र मेळ घालून निष्कर्षास यावे लागते. आणि नैयायिकाने हे चौथे प्रमाण मानले नाही तरी वैद्याचे त्यावाचून एक दिवसही चालणार नाही.

वाग्भटाच्या ठिकाणी तर तिन्ही शास्त्रे एकत्र नांदतात. अष्टांगहृदय हा वैद्यकाचा ग्रंथ असूनही त्याची पद्यरचना, विशेषतः अध्यायांच्या शेवटी बदलणारी वृत्ते, एखाद्या कसलेल्या कवीची आहे. आणि ग्रंथाच्या अखेरीस, केवळ ऋषिप्रणीत ग्रंथच वाचावेत असे म्हणणाऱ्यास त्याने जो प्रश्न केला आहे तो निखळ तर्काचा आहे: ऋषीने लिहिले एवढ्यानेच ग्रंथ वंद्य होत असेल, तर लोक भेलासारख्यांचे ग्रंथ टाकून चरक-सुश्रुतच का हाती घेतात? प्रतिपक्षाच्या आचरणातूनच त्याचा पक्ष पाडण्याची ही हातोटी न्यायशाळेत शिकविली जाते, आणि ती वैद्याने शिकलेली होती.

साहित्यशास्त्राची गोष्ट निराळी नाही. काव्यातील ध्वनी हा शब्दाच्या व्यंजना नावाच्या स्वतंत्र शक्तीने कळतो, की दिसणाऱ्या अर्थावरून न दिसणाऱ्या अर्थाचे अनुमानच आपण करतो, हा वाद काश्मीरच्या महिमभट्टाने व्यक्तिविवेकात उपस्थित केला आणि मम्मटाने काव्यप्रकाशाच्या पाचव्या उल्लासात त्याचा समाचार घेतला. हा उल्लास हाती घेतलेल्या विद्यार्थ्याला व्याप्ती, हेतू आणि हेत्वाभास यांची ओळख नसेल तर तो पहिल्याच पानावर अडखळतो. कारण मम्मटाचा सारा भर, महिमभट्टाने दिलेला हेतू सदोष आहे, तो जेथे साध्य नाही तेथेही जातो, हे दाखविण्यावर आहे. कवितेतील सखीचे एक वाक्य आणि पर्वतावरील धूर यांचा न्याय एकाच तराजूत झाला. रसिकाला हे रूक्ष वाटेल. पण रसिकाला जे आवडले ते का आवडले हे सांगण्याची जबाबदारी शास्त्रकाराने घेतली की त्याला तर्काच्या दारी जावेच लागते.

महाराष्ट्रात ही परंपरा यादवांबरोबर बुडाली नाही. सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात रघुनाथ गणेश नवहस्त या पंडिताने भोजनकुतूहल हा अन्नाच्या गुणदोषांवरील संस्कृत ग्रंथ लिहिला, ज्यात वैद्यकाची वचने आणि पाकशाळेतील पदार्थ शेजारी शेजारी बसले आहेत. भांडारकर संस्थेतील परशुराम कृष्ण गोडे यांनी या ग्रंथाच्या आधारे जिलेबीचा पूर्वेतिहास लिहिला, आणि ग्रंथकाराला तंजावरच्या व्यंकोजी राजांची राणी दीपाबाई हिचा आश्रय होता हेही दाखविले. भोसल्यांच्या तंजावरात ही अभिरुची पुढे शतकभर टिकली. सरफोजी राजांनी सरस्वती महालाच्या ग्रंथसंग्रहात केवढी भर घातली, आणि धन्वंतरी महालात औषधांची सिद्धता व परीक्षा कशी चालविली, हा स्वतंत्र निबंधाचा विषय आहे.

पुण्याची वाट वेगळी पडली, आणि त्याचे कारण दक्षिणा. श्रावणमासी विद्वान ब्राह्मणांस दक्षिणा देण्याचा परिपाठ सेनापती खंडेराव दाभाड्यांनी तळेगावी घातला. त्र्यंबकराव दाभाडे १७३१ साली डभईच्या लढाईत पडल्यावर पहिल्या बाजीरावाने तो आपल्या हाती घेऊन पुण्यास चालू ठेवला, आणि पुढील पेशव्यांच्या अमदानीत त्याचा व्याप एवढा वाढला की पर्वतीच्या पायथ्याशी रमण्यात दूरदूरच्या प्रांतांतून आलेल्या भिक्षुकांची दाटी होऊ लागली. भिक्षुकांस रमण्यात सरसकट रक्कम मिळे. शास्त्र्यांची मात्र परीक्षा होत असे आणि योग्यतेप्रमाणे त्यांची नेमणूक ठरत असे. रामशास्त्री प्रभुण्यांसारखा निःस्पृह मनुष्य या कामाच्या देखरेखीस असल्यावर परीक्षा लुटुपुटीची नसणार, हे उघड आहे.

दक्षिणेने विद्येचे संगोपन केले, यात संशय नाही. तंजावरपासून काशीपर्यंतचे शास्त्री पुण्याची वाट चालू लागले ते तिच्यामुळेच. पण परीक्षा आली की विषय आला, आणि विषय आला की ज्याच्या त्याच्या नावापुढे एकच बाब लिहिण्याची रीत पडते. फडणिशी दफ्तराला माणूस नैयायिक आहे, वैयाकरण आहे, की वैद्य आहे, हे एका ओळीत हवे असते. बोपदेवाची सव्वीस ग्रंथांची विगत त्या रकान्यात मावत नाही. आणि मराठीत लिहिणाऱ्याला तर तेथे रकानाच नव्हता: मोरोपंतांसारखा कवी आपल्या हयातीत कितीही गाजला तरी दक्षिणेच्या दृष्टीने मराठी काव्य ही विद्याच नव्हती.

१८१८ साली पेशवाई बुडाली. नव्या सरकारला ब्राह्मणांचा रोष ओढवून घ्यावयाचा नव्हता, म्हणून एल्फिन्स्टनने दक्षिणा बंद न करता तिला पन्नास हजार रुपयांची मर्यादा घातली, आणि त्यातूनच दख्खनचा कमिशनर चॅप्लिन याने ६ ऑक्टोबर १८२१ रोजी विश्रामबाग वाड्यात संस्कृत पाठशाळा उघडली. ज्या वाड्यात दुसऱ्या बाजीरावाने विलासाचे दिवस घालविले तेथे आता वेद, वेदांत, व्याकरण, ज्योतिष, धर्मशास्त्र, न्याय, अलंकार आणि वैद्यक यांचे अध्यापक आपापल्या गाद्यांवर बसू लागले. योजना उदार होती. परंतु जी गोष्ट दक्षिणेत रकान्याच्या रूपाने होती ती येथे दालनाच्या रूपाने दिसू लागली. न्यायाचा विद्यार्थी न्यायाच्या शास्त्र्यासमोर, वैद्यकाचा वैद्याच्या समोर, आणि दोघांचा पगार व विद्यावेतन निरनिराळ्या बाबींखाली.

या पाठशाळेची सर्वांत मोठी निष्पत्ती म्हणजे कृष्णशास्त्री चिपळूणकर. १८२४ साली जन्मलेल्या या माणसाने विश्रामबागेत मोरशास्त्री साठ्यांजवळ न्याय वाचला, अलंकारशास्त्रात प्रावीण्य मिळविले, आणि वय उलटल्यावर इंग्रजी शिकून सॉक्रेतिसाचे चरित्र, अर्थशास्त्राची परिभाषा, अनेकविद्यामूलतत्त्वसंग्रह, मेघदूताच्या भाषांतरासह पद्यरत्नावली, व्याकरणावरील निबंध आणि अरबी भाषेतील सुरस गोष्टी इतक्या वाटांनी आपली लेखणी चालविली. सॉक्रेतिसाकडे त्यांची दृष्टी प्रथम गेली याचे नवल वाटू नये. ज्याचे तारुण्य पूर्वपक्ष-उत्तरपक्षात गेले त्याला अथेन्सच्या बाजारात प्रश्न विचारीत हिंडणारा म्हातारा परका वाटला नसेल. न्यायाने घासलेली बुद्धी मराठी गद्यात उतरली की काय होते ते शास्त्रीबोवांच्या वाक्यात पाहावे: ते लांब असते, पण कोठे लोंबत नाही.

दरम्यान १८४९ साली लोकहितवादी आणि त्यांचे काही सहकारी यांनी सरकारकडे अर्ज केला, की दक्षिणेचा काही भाग मराठीत चांगले ग्रंथ लिहिणाऱ्यांस बक्षीस म्हणून द्यावा. जुन्या शास्त्रीमंडळींत यावरून मोठा क्षोभ उसळला. पण सरकारने अर्ज मान्य केला, आणि दक्षिणा प्राइज कमिटीच्या रूपाने मराठी ग्रंथकाराला पहिल्याने सरकारी जमाखर्चात जागा मिळाली. १८५१ साली पाठशाळा आणि इंग्रजी शाळा एकत्र होऊन पूना कॉलेज झाले, तेच पुढे डेक्कन कॉलेज म्हणून येरवड्यास गेले. न्याय आणि अलंकार यांना तेथे संस्कृतच्या छत्राखाली आसरा मिळाला. दक्षिणेच्या उरलेल्या पैशांतून कॉलेजांत फेलो नेमण्याची प्रथा पडली आणि आगरकरांसारखा सुधारक दक्षिणा फेलो झाला, हा कालाचा महिमा. वैद्यकाची गादी मात्र हलली ती कायमची.

ती मुंबईस गेली, असेही म्हणता येत नाही. कारण मुंबईस जे गेले ते दुसरेच वैद्यक होते. १८२६ साली डॉक्टर मॅक्लेनन याने देशी भाषांतून वैद्यक शिकविणारी शाळा तेथे काढली होती, ती १८३२ साली बंद पडली. १८४५ साली ग्रँट मेडिकल कॉलेज उघडले ते इंग्रजीतून शिकविणारे. त्याच्या पहिल्या पदवीधरांत गोमंतकातील मांद्र्याचे भाऊ दाजी लाड होते. ज्याने दिवसा रोगी तपासावेत, कुष्ठावर देशी औषधाचा प्रयोग करावा, आणि उरलेल्या वेळात कालिदासाच्या काळाचा निर्णय, अजिंठ्याच्या शिलालेखांचे वाचन, खानदेशात पाटणे येथे भास्कराचार्यांच्या वंशजांनी स्थापिलेल्या मठाच्या लेखाचा शोध, अशी कामे करावीत, असा हा पुरुष देवगिरीच्या हेमाद्रीचा खरा वारसदार होता. फरक एवढाच, की हेमाद्रीचे वैद्यक आणि त्याचे धर्मशास्त्र एकाच भाषेत व एकाच प्रमाणव्यवस्थेत उभे होते. भाऊ दाजींच्या दवाखान्यातले शास्त्र वेगळे, आणि एशियाटिक सोसायटीत वाचलेल्या निबंधातले वेगळे. दोहोंना जोडणारे काही होते ते एका माणसाचे कुतूहल, आणि माणूस १८७४ साली गेला.

याच सुमारास दोन घरे अशी दिसतात, की ज्यांत जुन्या एका पंडिताचे काम दोन भावांनी वाटून घेतले. पहिले घर विजापूर भागातील झळकीकरांचे. थोरले नाव भीमाचार्यांचे: मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजात शास्त्री असताना त्यांनी न्यायकोश सिद्ध केला, तो १८७४ साली प्रथम छापला गेला. न्यायाच्या परिभाषेतील एकेक पद घेऊन निरनिराळ्या ग्रंथकारांनी त्याचे केलेले लक्षण मूळच्या शब्दांत देणारा हा ग्रंथ, नव्यन्यायाच्या अरण्यात शिरणाऱ्याच्या हाती अजूनही असतो. त्यांचे बंधू वामनाचार्य पुण्यास डेक्कन कॉलेजात होते, आणि त्यांनी मम्मटाच्या काव्यप्रकाशावर बालबोधिनी टीका लिहिली, जिच्या नावातील विनय तिच्या आकाराशी मुळीच जुळत नाही. एका भावाने अनुमानाच्या अंगोपांगांचा कोश करावा, आणि दुसऱ्याने काव्यात अनुमान पुरत नाही असे सांगणाऱ्या ग्रंथाचा पदशः उलगडा करावा! पाचव्या उल्लासावरील बालबोधिनी आणि न्यायकोशातील व्याप्ती, पक्षता, हेत्वाभास ही प्रकरणे शेजारी ठेवून वाचणाऱ्यास एका घरातील दोन माणसे पडवीत बसून बोलत असावीत असा भास होतो.

दुसरे घर कुंट्यांचे. महादेव मोरेश्वर कुंटे हे माहुलीचे. पुण्याच्या हायस्कुलाचे मुख्याध्यापक. राजा शिवाजी हे त्यांचे काव्य १८६९ पासून प्रसिद्ध होऊ लागले, आणि त्याच्या प्रस्तावनेत त्यांनी मराठी कवितेने संस्कृताची भरजरी वस्त्रे टाकून बोलण्याची, खडबडीत, मावळ्यांच्या तोंडी शोभेल अशी भाषा घ्यावी असा आग्रह धरला. काव्य म्हणून ते फसले असे बहुतेकांचे मत पडले, व ते अन्यायाचे नाही. परंतु तोरणा-राजगडाच्या परिसरातील माणसाची भाषा महाकाव्यात यावी असे म्हणणारा पहिला मराठी कवी म्हणून त्यांची नोंद ठेवली पाहिजे. हाच गृहस्थ १८७७ साली षड्दर्शनचिंतनिका नावाचे मासिक काढतो, आणि दर्शनांची सूत्रे मराठी व इंग्रजी विवरणासह महिन्यामागून महिना छापीत राहतो. नव्या भाषेसाठी भांडणारा आणि जुन्या सूत्रांसाठी पदरमोड करणारा मनुष्य एकच असावा, याचा उलगडा ज्यांना होत नाही त्यांनी कुंट्यांच्या दोन्ही उद्योगांत समान असलेली एक गोष्ट पाहावी: विद्या पंडिताच्या ताब्यातून काढून वाचकाच्या हाती द्यावयाची.

त्यांचे बंधू अण्णा मोरेश्वर हे बी. ए., एम. डी. मुंबईच्या मेडिकल कॉलेजात शरीरविच्छेदन शिकविण्याच्या कामावर असलेल्या या डॉक्टराने वाग्भटाचे अष्टांगहृदय अरुणदत्ताच्या सर्वांगसुंदरा टीकेसह संपादून १८८० साली छापविले. या घटनेचे महत्त्व मोजताना छापखान्याकडेही पाहिले पाहिजे. जावजी दादाजींच्या निर्णयसागरासारख्या छापखान्यांनी संस्कृत टंकांची जी सुबकता साधली होती तिच्यामुळे, ज्या टीकेच्या पोथ्या शोधीत वैद्य गावोगाव हिंडत असत ती आता डाकेने मागविता येऊ लागली. पण मला त्याहून महत्त्वाचे वाटते ते संपादकाचे धोरण. प्रेत फाडून शरीर पाहिलेला मनुष्य वाग्भटाचा पाठ ठरवावयास बसतो तेव्हा त्याला मोह होणारच, की जेथे ग्रंथ आणि शरीर जुळत नाहीत तेथे ग्रंथ दुरुस्त करावा. संपादकाने या मोहास थारा दिला नाही, आणि ग्रंथ जसा होता तसा पुढे ठेवला. प्रामाणिकपणाचा हा नमुना खरा. तथापि चरकाच्या सभेत असे घडले नसते. तेथे प्रत्यक्ष आणि आप्तवाक्य यांचा विरोध दिसताच वाद उभा राहिला असता, हेतू मागितला गेला असता, आणि कोणीतरी निग्रहस्थानी आला असता. एकोणिसाव्या शतकात ग्रंथ एका खोलीत राहिला आणि शरीर दुसऱ्या. एकाच डॉक्टराने दोन्ही खोल्यांत ये-जा केली, पण दार लावून घेऊन.

न्यायाचा संग सुटल्याने सर्वांत अधिक नुकसान वैद्यकाचे झाले, असे माझे मत आहे. साहित्यशास्त्राला विद्यापीठात चर्चा करणारे भेटले. न्यायाला कोशकार आणि संपादक भेटले. वैद्यकाला एकीकडे श्रद्धाळू आणि दुसरीकडे उपहास करणारे, एवढेच भेटले. डॉक्टर गणेश कृष्ण गर्दे यांनी सार्थ वाग्भट काढून अष्टांगहृदय मराठी घरात नेले, आणि आजही वैद्याच्या कपाटात ते सापडते. त्यांच्या परिश्रमाचे मोल मोठे आहे. पण भाषांतराने अर्थ मिळतो, वाद मिळत नाही. सह्याद्रीच्या रानातून हिरडा-बेहडा गोळा करून पेठेत आणणारे लोक होते, चूर्णे करणारे वैद्य होते, रोगी तर होतेच. नव्हता तो विमानस्थानातला प्रतिवादी. १९३३ साली पुण्यात राष्ट्रीय शिक्षण मंडळाने आयुर्वेदाचे महाविद्यालय स्थापिले तेव्हा विश्रामबागेत बंद झालेली गादी कित्येक दशकांनी शहरात परत आली खरी. मात्र तिच्या शेजारी न्यायाची गादी आली नाही.

हेमाद्रीलाही याच सुमारास न्याय मिळाला. हरिशास्त्री पराडकरांनी सिद्ध केलेल्या अष्टांगहृदयाच्या १९३९ सालच्या निर्णयसागर आवृत्तीत अरुणदत्ताच्या टीकेबरोबर आयुर्वेदरसायनही छापले गेले, आणि देवगिरीच्या दफ्तरदाराने केलेल्या चिकित्साचर्चेस मुंबईतील काळबादेवीच्या छापखान्यात सुमारे साडेसहाशे वर्षांनी अक्षर मिळाले. तिकडे अन्नंभट्टाच्या तर्कसंग्रहाची जी आवृत्ती यशवंत वासुदेव आठल्यांनी हाती घेतली आणि त्यांच्या मृत्यूनंतर महादेव राजाराम बोडस या वकिलाने प्रस्तावना लिहून १८९७ साली पुरी केली, ती मॅट्रिकनंतरच्या विद्यार्थ्यांच्या दोन-तीन पिढ्यांनी वाचली. न्यायकोशाची सुधारून वाढविलेली आवृत्ती वासुदेवशास्त्री अभ्यंकरांनी १९२८ साली भांडारकर संस्थेतर्फे काढली.

विद्यांचे हे सुटलेले धागे एकत्र करण्याचा अलीकडचा मोठा प्रयत्न झाला तो विद्यापीठात झाला नाही. भोरहून मांढरदेवच्या डोंगरावरून जी वाट कृष्णाकाठी उतरते त्या वाटेवरच्या वाईत, १९१६ साली नारायणशास्त्री मराठे, म्हणजे पुढचे केवलानंद सरस्वती, यांनी प्राज्ञपाठशाळा स्थापिली होती. तेथे वाढलेले लक्ष्मणशास्त्री जोशी कलकत्त्यास जाऊन तर्कतीर्थ झाले, तुरुंगात गेले, मार्क्स वाचला, मानवेंद्रनाथ रॉय यांच्याबरोबर फिरले, आणि परत वाईस येऊन मराठी विश्वकोशाचे प्रमुख संपादक होऊन बसले. पदवीने नैयायिक असलेला हा मनुष्य शल्यतंत्रज्ञ, कवी, रसायनज्ञ आणि स्थापत्यविशारद यांच्या नोंदींवरून लेखणी फिरवीत असे, आणि लक्षण अतिव्याप्त झाले की अव्याप्त, ही जुनी कसोटी नव्या विषयांना लावीत असे. विश्वकोशाचा पहिला खंड १९७६ साली निघाला. अनुमान आणि अलंकार यांची अक्षरे ज्या पट्ट्यात येतात तो हा खंड, अंक या नोंदीपासून सुरू होतो आणि आतुरचिकित्सेवर संपतो.